जॉबरअण्णांचे चार पट्टे

जॉबरअण्णा समोर आलेल्या माणसाला नमस्कार करण्यापूर्वी त्याच्या अंगावरचा पट्टा ओढून पाहत. पट्टा कोणताही चाले. कमरेचा, घड्याळाचा, चपलेचा, पाण्याच्या बाटलीचा. माझ्या बाबतीत तो खांद्यावरच्या शबनम पिशवीचा बंद होता. पिशवीत आठवी 'ब'च्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका होत्या. अण्णांनी बंदाखाली दोन बोटे घातली, एक हिसका दिला आणि शिवण उसवली. उत्तरपत्रिका त्यांच्या शेडसमोरच्या धुळीत पसरल्या. मी त्या गोळा करत असताना ते वाकले नाहीत, बाजूलाही झाले नाहीत.

"मास्तर, हे गळ्यात अडकवून गावभर फिरता व्हय? आन् पोरांना शिकवता काय?"

"विज्ञान," मी म्हणालो.

"मग बराबर हाय," असे म्हणून ते आत गेले.

त्या दिवशी तो माणूस मला आवडला नाही. पुढे त्यांच्याशी माझा अनेक वर्षे संबंध आला, आणि त्या काळात मत बदलावे असे त्यांनी काहीही केले नाही. तरीही गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी ज्या माणसाशी मनातल्या मनात सर्वांत जास्त भांडलो, तो माणूस तेच होत. म्हणून त्यांच्याविषयी नीट, क्रमाने लिहावे असे वाटते.

ज्यांनी सोलापूरच्या मिल चालू असताना पाहिल्या नाहीत, त्यांच्यासाठी प्रथम थोडी माहिती देतो. त्या काळी जुन्या खात्यांत प्रत्येक मागाला स्वतंत्र मोटर नसे. छताखाली एक लांबलचक दांडा फिरत असे आणि त्यावरून एकेका मागावर पट्टा उतरलेला असे. पट्टा सैल पडला की माग मंदावतो, फार ताणला की सांध्यात तुटतो, आणि फिरता पट्टा तुटला की तो आसुडासारखा सुटतो. हे पट्टे जोडणे, शिवणे आणि ताणून बसवणे हे ज्याच्याकडे असे, तो बेल्ट खात्याचा जॉबर. अण्णा तीस वर्षे हेच करत होते. त्यांच्या डाव्या कानाचा वरचा भाग नव्हता. कोणी विचारले तर ते म्हणत, "दुसऱ्यानं शिवलेला पट्टा व्हता." यापलीकडे त्या कानाविषयी कोणाला काही कळले नाही.

त्यांचे मूळ गाव अक्कलकोटच्या पलीकडे होते. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा असत. रागावले की ते कानडीत जात आणि फार रागावले की मराठीत परत येत. त्यामुळे त्यांचे मराठी ऐकू येऊ लागले, की शेडमधली माणसे हळूच चहाला निघून जात. पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की ते मिलमागच्या आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन बसत आणि टांग्याच्या घोड्यांचे साज, पिठाच्या गिरण्यांचे पट्टे, ट्रकच्या ताडपत्रीचे बंद अशी कामे करत. सोलापुरात त्यांच्याइतके वाईट बोलणारा कारागीर दुसरा नव्हता. त्यांच्याइतके चांगले शिवणाराही नव्हता. मी त्यांच्याकडे गेलो तो या दुसऱ्या कारणासाठी आणि नाइलाजाने.

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणत असू, चादरीचा कारखाना असलेल्या घरात दिली होती. दाजींना मोटारीच्या शर्यतीचा नाद होता. त्यांच्याकडे एक पांढरी, चार दारांची मोटार होती. तीच मोटार सोमवार ते शनिवार कारखान्यात सुताच्या गाठींचे नमुने घेऊन जाई, आणि वर्षातून एकदा-दोनदा, मागची सीट काढून, मद्रासजवळच्या युद्धकाळातल्या जुन्या धावपट्टीवर शर्यतीत उतरे. त्या वर्षी तिथल्या आयोजकांचे पत्र आले. चालकाचे दोन्ही खांदे आणि कंबर धरून ठेवणारे पट्टे गाडीत नसतील, तर गाडी मैदानात घेतली जाणार नाही, असा त्यातला मजकूर होता. असे तयार पट्टे तेव्हा देशात मिळत नव्हते आणि परदेशातून आणणे आमच्या आवाक्यातले नव्हते.

त्याआधीच्या शर्यतीत दाजींच्या पुढची एक गाडी उलटली होती आणि तिचा चालक दारातून बाहेर फेकला गेला होता. दाजींनी ते घरी सांगितले नव्हते. त्यांच्याबरोबर गेलेल्या फिटरने सांगितले. अक्काने मला बोलावले. तिची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती.

"दत्तू, मी त्यांना जाऊ नका म्हटलं तर ते जाणार नाहीत, पण आयुष्यभर तोंड फिरवून बसतील," ती म्हणाली. "तेव्हा जाऊ देत. पण तो पट्टा तू बसवून घ्यायचास. तुझ्या डोळ्यांनी बघायचंस आणि मला येऊन सांगायचंस, बसला म्हणून. तू सांगितल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जाणार नाही."

मी शब्द दिला. पुढे जे जे घडले, ते या शब्दामुळे घडले.

पुण्याच्या जुन्या बाजारात लष्कराचे टाकाऊ सामान मिळत असे. तिथून दाजींनी हवाई छत्रीचे नायलॉनचे पट्टे आणि त्यांचे बक्कल आणले. हे बक्कल कसे होते ते सांगणे आवश्यक आहे. तळहातात मावेल अशी एक गोल चकती होती. चारही पट्ट्यांची टोके तिच्यात येऊन अडकत. चकती फिरवायची आणि वरून तळहाताने ठोकायची, की चारही टोके एकदम सुटत. नुसते ओढून, दाबून किंवा खेचून काहीही होत नसे.

अण्णांकडे जाण्यापूर्वी मी एक चूक केली होती. पट्टे शिवायचे तेवढेच त्यांचे काम, ते गाडीत अडकवणे हे माझे काम, असे मी ठरवले होते. माझ्याकडे एक इंग्रजी पुस्तिका होती, कोनमापक होता, आणि किती वेगाला किती ओढ बसेल याचे गणित मी तीन पाने भरून केले होते. त्या गणिताप्रमाणे योग्य जाडीचे बोल्ट आणून मी ते गाडीच्या तळाच्या पत्र्यात बसवूनही घेतले होते. गणित बरोबर होते. ते मी नंतर चार वेळा तपासले.

अण्णांनी गाडीत डोके घातले, बोल्ट पाहिला आणि विचारले, "हे कुणाचं काम?"

"माझं. हा बोल्ट एक टनाच्या वर ओढ सहन करतो."

"बोल्ट करतो. पत्रा?"

मी उत्तर देण्याआधी त्यांनी शेडच्या छताच्या रुळाला टांगलेली साखळीची कप्पी गाडीवर सरकवली. मागच्या खिडकीतून एक जुना मिलचा पट्टा आत घेऊन माझ्या बोल्टला अडकवला आणि साखळी ओढायला सुरुवात केली. दाजी म्हणाले, "अण्णा, गाडी आहे ती." अण्णांनी ऐकले नाही. गाडीचा मागचा भाग किंचित उचलला, मग तळातून पत्रा फाटल्याचा आवाज आला आणि बोल्ट पत्र्याच्या रुपयाएवढ्या तुकड्यासकट बाहेर आला. गाडी धप्पकन खाली बसली.

अण्णांनी तो तुकडा माझ्या हातात ठेवला. "वर्गात दाखवा," ते म्हणाले. "एक टन वजन चमचाभर जागेवर टेकवलं की असं व्हतं. तुमच्या मेव्हण्याच्या छातीला बांधायला निघाला व्हता न्हवं?"

दाजींसमोर, दोन अनोळखी टांगेवाल्यांसमोर मी उभा होतो.  मग त्यांनी तळहाताएवढ्या रुंदीच्या जाड लोखंडी पट्ट्या कापल्या, कडा कानशीने गोल केल्या, त्या पत्र्याच्या खालून लावल्या आणि त्यांतून बोल्ट आरपार घातला. पुन्हा कप्पी लावली. या वेळी गाडीची मागची दोन्ही चाके जमिनीपासून वीतभर वर आली आणि तशीच लोंबत राहिली. अण्णा बिडी पेटवून दुसऱ्या कामाला लागले. आम्ही विनंती करेपर्यंत गाडी त्यांनी खाली घेतली नाही.

ओढ किती आहे याच्याइतकेच ती किती जागेवर पसरते याला महत्त्व असते. हे मी पुस्तकातून शिकलो होतो आणि मुलांना शिकवतही होतो. पुढे सत्तावीस वर्षे, दाब हा धडा आला की मी तो फाटका पत्र्याचा तुकडा वर्गात फिरवत असे. तो कोणी फाडला हे मात्र मी कधी सांगितले नाही.

न्यायाने सांगायचे तर एक बाजी मीही जिंकली. खांद्यावरून मागे जाणारे पट्टे अण्णांनी सरळ खाली तळाला नेऊन बांधले होते. पुस्तिकेत स्पष्ट लिहिले होते, की हे पट्टे खांद्यापासून मागे जवळजवळ सपाट गेले पाहिजेत. खाली नेले, तर धडकेच्या वेळी ते माणसाला पुढे जाण्यापासून अडवण्याबरोबर त्याचा कणाही खाली दाबतील.

"घोड्याची पाठबी खालनंच बांधत्यात," अण्णा म्हणाले.

"घोडा आडवा असतो, अण्णा. माणूस उभा बसतो. तुम्ही स्वतः बसा."

ते बसले. मी त्यांच्या मागे गेलो, पट्टे हातात घेतले, सीटच्या पाठीला दोन्ही पाय टेकवले आणि त्या धुळीत पसरलेल्या उत्तरपत्रिकांची आठवण ठेवून, होती नव्हती ती शक्ती लावून खाली ओढले. त्यांच्या तोंडून आवाज निघाला. ते मान चोळत उतरले आणि म्हणाले, "उद्या या."

दुसऱ्या दिवशी सीटच्या मागे, खांद्यांच्या उंचीला, गाडीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाड पाइप वेल्ड केलेला होता आणि खांद्याचे पट्टे त्यावर बांधलेले होते. मी कोनमापक लावून पाहिला. "कोन बरोबर आला, अण्णा," मी म्हणालो.

"पाइप पडून व्हता, म्हणून लावला," त्यांनी सांगितले.

मी अक्काला सांगून आलो, पट्टा बसला. तिने मला तीनदा विचारले.

एकच गाडी रस्त्यावर आणि शर्यतीत, दोन्हीकडे वापरायची असेल, तर एक अडचण येते. शर्यतीत माणूस जखडलेला असावा लागतो. गावात त्याला वाकून पाहावे लागते, हात बाहेर काढून इशारा द्यावा लागतो. अण्णांनी यासाठी खांद्याच्या पट्ट्यांना सरकती कडी लावली होती आणि एक नियम घालून दिला होता. मैदानात खांदा घट्ट. रस्त्यावर खांदा चार बोटे सैल. कंबर दोन्हीकडे घट्ट, आणि तीही पोटावर नको, खाली हाडावर. दाजींनी हा नियम ऐकला, मान हलवली आणि रस्त्यावर पट्टे सीटमागे टाकून दिले. बाजारातून जाताना लोक खिडकीत वाकून बघत आणि हसत. बांधून घातलेला कारखानदार त्यांनी कधी पाहिला नव्हता.

अण्णांना हे कळायला चार दिवस लागले. पहिली पाळी सुटली होती, मिलच्या फाटकातून शेकडो माणसे बाहेर पडत होती, आणि त्या गर्दीत दाजींची गाडी हळूहळू चालली होती. मी शेजारी बसलो होतो. अण्णा गाडीच्या पुढे येऊन उभे राहिले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"चादरवाले, पट्टा काय म्हशीला बांधायला शिवला का मी?"

दाजी म्हणाले, "अण्णा, बाजूला व्हा, लोक बघतायत."

"बघू द्यात की. सगळ्यांनी बघा रे. हे शेट मद्रासला मरणार न्हाईत, हितं सोलापुरात मरणार हाईत. तितं सगळी एका दिशेनं पळत्यात. हितं समोरनं बैलगाडी येती." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आन् ह्ये मास्तर शेजारी बसून धडा पाठ करत्यात."

माणसे हसली. मी खाली पाहत राहिलो. दाजींनी पट्टे ओढून घेतले, चकतीत अडकवले, तेव्हा कुठे अण्णा बाजूला झाले. पुढच्या चौकात दाजींनी ते पुन्हा काढले. पण मिलवरून रस्ता रोजचा होता. अण्णा कोणत्या वेळी कुठे उभे असतील याचा भरवसा नव्हता. एकदा तर ते भाजी घेता घेता हातात मुळ्याची जुडी घेऊन गाडीला आडवे आले. शेवटी दाजी घरूनच पट्टे बांधून निघू लागले. ते शहाणपण नव्हते, भीती होती. भीतीची पुढे सवय झाली, इतकेच.

शर्यतीला आठ दिवस राहिले असताना मी दुसरी चूक केली. पहिलीपेक्षा ही मोठी होती, कारण ती माझ्याच विषयातली होती.

पट्ट्यांचा रंग मळकट लष्करी हिरवा होता. मद्रासला फोटो निघत. दाजींच्या घरी रंगखाना होता आणि त्यांच्या चादरीचा डाळिंबी रंग दूरवर प्रसिद्ध होता. दाजींचे वडील म्हणाले, पट्टे आपल्या डाळिंबी रंगात बुडवून काढू, म्हणजे मालाची जाहिरातही होईल. दाजींनी मला विचारले, "मास्तर, चालेल ना? पट्टा कच्चा नाही ना होणार?"

मी पुस्तक उघडले. नायलॉनवर रंग चढतो, त्याला आम्ल घालून उकळावे लागते, आणि तेवढ्याने नायलॉनला फारशी इजा होत नाही. मी हे सर्व समजावून सांगितले आणि हो म्हणालो. पट्टे गाडीतून काढले, तासभर उकळत्या हौदात ठेवले, गच्चीवर वाळवले आणि पुन्हा बसवले. रंग अप्रतिम आला होता. मी मनात म्हणालो, हे तरी त्या माणसाला जमले नसते.

निघायच्या दोन दिवस आधी अण्णा स्वतःहून कारखान्यात आले. गाडीचे दार उघडून त्यांनी डाळिंबी पट्टे पाहिले.  मग कमरेच्या पट्ट्याची शिवण नाकाजवळ नेऊन हुंगली.

"मेण कुटं गेलं?"

 त्यांनी शिवणीच्या दोन्ही बाजूंना पट्टा धरला आणि तो नेहमीचा हिसका दिला. टक्, टक् असे दोन टाके तुटले.

तेव्हा मला समजले. मी पट्ट्याचा विचार केला होता. दोऱ्याचा केला नव्हता. दोरा नायलॉनचा नव्हता. तो अण्णांनी स्वतः मेण चोळून तयार केलेला सुती दोरा होता. उकळत्या पाण्यात मेण वितळून गेले होते आणि आम्लाने सूत खाल्ले होते. कापसाचे सूत आम्लात टिकत नाही, हे सोलापुरात रंगखान्याच्या उंबरठ्यावर वाढलेल्या कोणालाही माहीत असते. मला तर ते पाठ होते.

अण्णांनी कमरेची सुरी काढली आणि चारही पट्टे एकेका हिसक्यात मधोमध कापले. मग कापलेले पुन्हा कापले, कोणाला जोडता येऊ नयेत म्हणून. दाजींचे वडील ओरडत बाहेर आले. दाजींनी अण्णांची गचांडी धरली. एवढ्या महिन्यांची तयारी होती, मद्रासचे सामान बांधून ठेवलेले होते आणि हा माणूस त्यांच्याच अंगणात उभा राहून त्यांची शर्यत कापत होता.

"मारा," अण्णा म्हणाले. "मारा की. पर त्या पट्ट्यात बसू नगा."

दाजींचा हात वर झालेला होता. तो खाली आला, कारण अक्का दारात येऊन उभी होती. ती अण्णांकडे पाहत नव्हती, दाजींकडेही नाही. ती माझ्याकडे पाहत होती. "तू बघितलं होतंस ना, दत्तू?" ती एवढेच म्हणाली.

त्याच दुपारी मी शेडमध्ये गेलो आणि माझी चूक होती असे सांगितले. मला वाटले होते, कबुलीने माणूस नरमतो. अण्णा नरमले नाहीत. त्यांनी शेडच्या माळ्यावरून गोणपाटात गुंडाळलेला उरलेला नायलॉनचा पट्टा काढला. तो आम्हाला परत न देता त्यांनी ठेवून घेतला होता.

"तुमी काय तरी घाण करनार हे ठावंच व्हतं," ते म्हणाले आणि पट्टे शिवायची आरी माझ्यापुढे टाकली. "बसा. या खेपी तुमी शिवायचं. म्हंजे परत उकळताना हात दुखंल."

दोन दिवस रजा घेऊन मी शिवत होतो. शिकवण्याची त्यांची पद्धत अशी होती, की काय करायचे ते ते सांगत नसत. केलेले चुकले की उसवून टाकत. पहिल्या दिवशी माझी शिवण त्यांनी सहा वेळा उसवली. सहाव्या वेळी मला कारण कळले. मी टाके पट्ट्याला आडवे घालत होतो. आडवी ओळ म्हणजे भोकांची ओळ, आणि पट्टा त्या ओळीवरच फाटतो, जसा टपाल तिकिटांचा कागद फाटतो. टाके लांबीच्या दिशेने घालावे लागतात. मी हे मोठ्याने म्हणालो. अण्णा म्हणाले, "सा उसवल्यावर कळलं. तुमचं पोरगं वर्गात सातव्यांदा चुकलं तर काय करता? छडी?"

"मी मुलांना मारत नाही," मी म्हणालो.

"मग उसवता बी न्हाई," ते म्हणाले.

या वेळी पट्टे हिरवेच राहिले. गाडी कप्पीला टांगून झाली. सगळे आटोपल्यावर अण्णांनी लाल रंगाचा डबा आणि बारीक कुंचला माझ्यापुढे ठेवला. त्यांनी माझ्याकडे मागितलेली ती एकमेव गोष्ट.

"तुमचं अक्षर बरं हाय म्हनत्यात. ह्या चकतीवर लिवा. फिरवा आन् ठोका. मराठीत लिवा."

"कशाला? दाजींना माहीत आहे की."

"दाजीला हाय. भायेरच्याला?"

बाहेरच्या माणसाला गाडीतल्या बक्कलाशी काय काम, हे मला समजले नाही. शिवाय दोन दिवस उसवून घेतल्यावर त्यांचा आणखी एक हुकूम ऐकण्याची माझी इच्छा नव्हती. रंग वाळायला वेळ नाही, मद्रासहून आल्यावर लिहीन, असे मी म्हणालो. त्यांनी डब्याचे झाकण लावले.

मद्रासची शर्यत दोन वाक्यांत संपते. तिसऱ्या फेरीत इंजिन तापले आणि दाजी बाहेर पडले. कोणालाही खरचटले नाही, आणि फोटोही निघाला नाही. आल्यावर मी चकतीवर काही लिहिले नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात दाजी पुण्याहून एकटेच परत येत होते. दुपारची वेळ होती. मोडनिंब मागे टाकल्यावर आडरस्त्याने एक कडब्याची बैलगाडी एकदम हमरस्त्यावर आली. दाजींनी चाक फिरवले. मोटार रस्त्याकडेच्या चारीत जाऊन उलटली आणि चाके वर करून टपावर पडली. बैलांना काही झाले नाही, गाडीवानालाही नाही. मोटारीचे दार उघडून लांब जाऊन पडले होते. दाजी सीटवरच होते, खाली डोके, वर पाय, चार पट्ट्यांवर लोंबत. त्या दिवशी ते सोलापुरापासून तासाभराच्या वाटेवर होते. तिथे बॉनेटवर हात ठेवायला कोणी नव्हते. तरी त्यांनी पट्टे बांधलेले होते.

रानातली माणसे धावत आली. त्यांनी दाजींना ओढले, पट्टे ओढले, चकती दाबली, खेचली. दाजी शुद्धीवर होते, पण छाती आवळून त्यांना शब्द फुटत नव्हता. इंजिनातून धूर येत होता. शेवटी एकाने विळा आणला आणि पट्टे कापले. चारही पट्टे सुटल्यावर दाजी डोक्यावर पडले. मानेला मार बसला, गळ्याजवळचे हाड मोडले. त्या माणसांनीच ट्रक थांबवून त्यांना दवाखान्यात पोहोचवले. त्यांना दोष देता येणार नाही.

दाजी वाचले. तीन महिने मान अवघडलेली राहिली आणि शर्यत कायमची सुटली. अक्काने त्या वेळी माझे दोन्ही हात धरून, जे शब्द वापरून माझे आभार मानले, ते इथे लिहिण्याचे नाहीत. मी त्या आभारांचा धनी नव्हतो. मी मोडनिंबला जाऊन मोटारीतून ते पट्टे काढून घेतले आणि अण्णांच्या शेडमध्ये गेलो. पहिल्यांदाच त्या माणसाला नमस्कार करावा असे मला मनापासून वाटत होते.

"अण्णा, तुमच्या पट्ट्यांनी माझ्या बहिणीचं घर वाचवलं," मी म्हणालो.

त्यांनी पट्टे हातात घेतले. आधी माझी शिवण पाहिली. एकही टाका हललेला नव्हता. मग कापलेल्या कडा पाहिल्या.

"इळा?"

मी सांगितले. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले. मग चकती उलटी केली, अंगठ्याने पुसली आणि माझ्यासमोर धरली. तिच्यावर काही लिहिलेले नव्हते.  ते कानडीत गेले नाहीत, मराठीतही आले नाहीत. पट्टे माझ्या हातात परत ठेवले, पाठ फिरवली आणि घोड्याचा साज शिवायला बसले.  त्यांनी पुन्हा वर पाहिले नाही.

त्यानंतर ते माझ्याशी बोलले ते एकदाच. मिलमधून निवृत्त होऊन ते गावी गेले होते. दोन-तीन वर्षांनी, शाळेच्या कामासाठी अक्कलकोटला गेलो असताना, मी एस.टी. बदलून त्यांच्या गावी गेलो. ते ओट्यावर बसले होते, बरेच थकलेले. मला ओळखून ते उठले. जवळ आले आणि नमस्कार करण्यापूर्वी माझ्या पिशवीच्या बंदाखाली दोन बोटे घातली. हिसका मात्र पूर्वीचाच होता. बंद मी स्वतः शिवलेला होता, टाके लांबीच्या दिशेने. तो हलला नाही.

अण्णांनी खाली पाहिले. "चपलेचा आंगठा निघालाय," ते म्हणाले आणि आत निघून गेले. त्यांच्या सुनेने मला ताक दिले. ते परत बाहेर आले नाहीत. पुढच्या वर्षी ते गेल्याचे कळले.

आता मी जुळे सोलापूर या नव्या वसाहतीत मुलाकडे असतो. त्याच्या मोटारीत पट्टे कारखान्यातूनच बसवून येतात आणि बक्कलावर लाल कळ असते. तिच्यावर बारीक अक्षरांत काही छापलेले आहे, पण ते इंग्रजीत आहे. गाडी आली त्याच दिवशी मी पाचही बक्कलांवर पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि माझ्या चांगल्या अक्षरात लिहिले, "ही लाल कळ दाबा." कागद मळला की मी बदलतो. सून म्हणते, "बाबा, आम्हाला सगळ्यांना येतं हो उघडता."

मी पुढच्या सीटवर बसतो, पट्टा लावतो, कंबर हाडावर घेतो आणि दोन बोटे घालून एक हिसका देतो. मग मान वळवून मागच्यांचे पाहतो.